बँकॉकमध्ये रस्ता सोडा, पाणी धरा

बँकॉकची माणसं आपल्या शहराला बँकॉक म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी ‘क्रुंग थेप’ असतं, म्हणजे देवांची नगरी. तेही आखूड केलेलं नाव आहे. पूर्ण नाव एका श्वासात संपत नाही, आणि त्यातले शब्द सुटे केले की मराठी कान टवकारतात: अमर, रत्न, अयोध्या, नवरत्न, राजधानी, पुरी, रम्य, उत्तम, राजनिवेशन, महास्थान, विमान, अवतार. इंद्रानं दिलेली आणि विश्वकर्म्यानं बांधलेली नगरी, असा त्याचा शेवट होतो. १७८२ साली चक्री घराण्याच्या पहिल्या रामानं चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर ही राजधानी वसवली. तेव्हा घरं, बाजार, देवळं सगळं पाण्याकडे तोंड करून होतं. माणसं होडीनं जायची, भाजी होडीतून यायची.

रस्ते फार नंतर आले. पुष्कळ कालवे बुजवून त्यांवर डांबर पडलं आणि उरलेलं शहर भातखाचरांच्या लांबट पट्ट्यांवर वाढत गेलं. मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला तिथे ‘सॉय’ म्हणतात, आणि बरेचसे सॉय पुढे जाऊन बंद होतात. एका सॉयमधून शेजारच्या सॉयमध्ये जायचं तर पुन्हा मुख्य रस्त्यावर यावं लागतं. सगळी वाहनं त्याच मोजक्या रस्त्यांवर ओतली जातात. बँकॉकची वाहतूक तुंबते त्याचं मोठं कारण हे आहे, आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात पाऊस आला तर टॅक्सीत बसलेला माणूस चालणाऱ्याच्या मागे पडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं म्हणून एवढं मनाशी ठरवावं: रस्ता हा शेवटचा पर्याय. आधी पाणी, नाहीतर रूळ.

हे ठरलं की राहायची जागा निवडणं सोपं होतं. हॉटेलचे फोटो नंतर पाहा. आधी नकाशावर रेल्वेचं स्टेशन पाहा आणि तिथून पायी सात-आठ मिनिटांच्या आत असलेलंच हॉटेल घ्या. फाया थाई सोयीचं, कारण विमानतळाची रेल्वे तिथेच येते. असोक सोयीचं, कारण तिथे शहरातल्या दोन्ही मेट्रो, उंचावरची बीटीएस आणि एमआरटी, भेटतात. सफान ताक्सिनला स्टेशन आणि नदीचा धक्का शेजारी शेजारी आहेत. खाओ सान रोडचं नाव पुष्कळ ऐकू येतं, पण त्याच्या दाराशी कुठलीच रेल्वे नाही. लहान मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर तो भाग टाळलेला बरा. सुखुमवित रस्त्यावर पत्ता शोधताना एक घोटाळा हमखास होतो. विषम क्रमांकाचे सॉय एका बाजूला आणि सम क्रमांकाचे दुसऱ्या बाजूला असतात, पण दोन्हीकडचे आकडे जोडीनं चालत नाहीत. सॉय ५५ च्या समोर ५४ किंवा ५६ नाही, तर ३८ च्या आसपासचा सॉय येतो. समोरच असेल म्हणून निघालेला माणूस बॅग ओढत दोन स्टेशनं चालतो.

निघण्यापूर्वीची कामं थोडकी आहेत. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ समोर आलं तर ते सरकारी नाही. सरकारी पत्ता ‘.go.th’नं संपतो. व्हिसाचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, तेव्हा तिकीट काढायच्या आधी दूतावासाची माहिती पाहावी. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय या दोन्ही गोष्टी इथेच चालू करून ठेवाव्यात. आपल्या बँका त्या बंद ठेवूनच कार्ड देतात आणि तिथे गेटवर उभं राहिल्यावर हे आठवतं. ई-सिगारेट थायलंडमध्ये न्यायला बंदी आहे, अगदी स्वतःच्या वापराचीही.

शहराला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. तिकिटावर कुठला आहे हे नीट वाचा. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. सुवर्णभूमीच्या तळघरात रेल्वे लिंकचं स्टेशन आहे. फाया थाईपर्यंत साधारण अर्धा तास आणि ४५ बाट (हे तिथलं चलन). मुंबईहून रात्री निघालेलं विमान पहाटे उतरतं आणि पहिली गाडी साडेपाचच्या सुमाराला सुटते, म्हणून चारला उतरलात तर घाईनं टॅक्सी पकडण्यापेक्षा तोंड धुऊन, सिमकार्ड घेऊन, तळघरातच पैसे बदलून घ्यावेत. आगमन कक्षातल्या बँकांपेक्षा तळघरातल्या केंद्रांवर दर बरा मिळतो. डॉलर नेत असाल तर शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या; लहान नोटांना दर कमी देतात. एटीएममधून काढले तर परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क लागतं, तेव्हा थोडे थोडे काढू नयेत. आणि मशीननं ‘रुपयांत हिशोब करू का’ असं विचारलं तर नाही म्हणावं, कारण तो दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो.

टॅक्सीच घ्यायची असेल तर तळमजल्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी निघते. त्यावर फलाटाचा क्रमांक असतो. त्याच क्रमांकाच्या गाडीत बसायचं आणि चिठ्ठी खिशात जपायची, तक्रार करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, त्यावर विमानतळाचे ५० आणि टोल प्रवाशाचा. गाडी सुटायच्या आधी ठोक रक्कम सांगणाऱ्याला शांतपणे ‘मीटर’ एवढंच म्हणावं. हजाराची नोट पुढे केली तर सुटे नाहीत असं उत्तर येतं, म्हणून ती आधीच कुठल्याही सेव्हन-इलेव्हन दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोडावी.

रुळांचं गणित एका गोष्टीवर अडतं: उंचावरून जाणारी बीटीएस आणि शहराच्या मध्यभागात जमिनीखालून जाणारी एमआरटी या वेगळ्या व्यवस्था आहेत आणि तिकिटंही वेगळी. असोकला उतरून शेजारच्या एमआरटीत शिरायचं तर बाहेर पडून दुसरं तिकीट काढावं लागतं. एमआरटीच्या गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप कार्ड चालतं. बीटीएससाठी मशीनवरून तिकीट काढा. एका कार्डावर एकच माणूस आत जातो, नवरा-बायकोला एक कार्ड पुरत नाही. डब्यातला एसी अंगावर येईल इतका गार असतो, ओढणी किंवा पातळ जाकीट हाताशी असू द्या. २०१९ मध्ये एमआरटीच्या निळ्या मार्गाची लांबी वाढली आणि जुनं शहर रेल्वेला जोडलं गेलं. आता सनाम चाय स्टेशनवरून वात फो (वात म्हणजे देऊळ) हाकेच्या अंतरावर आहे, वात मंगकॉनवरून चायनाटाउन आणि साम योतवरून फाहुरात हा भारतीय कापडबाजार.

तरीही राजवाडा आणि देवळं पाहायला पहिल्यांदा जाल तेव्हा नदीनंच जा. सफान ताक्सिन स्टेशनच्या पायथ्याशी साथोन धक्का आहे. तिथे निळ्या झेंड्याची पर्यटक बोट आणि नारिंगी झेंड्याची रोजची बोट अशा दोन्ही लागतात. धक्क्यावर शिरलं की निळ्याचं तिकीट पुढे करणारे हात आधी दिसतात. नारिंगी बोट १६ बाटमध्ये त्याच पाण्यातून राजवाड्याकडे नेते. फक्त बसायला जागा मिळेलच असं नाही. ती साधारण सकाळी सहा ते संध्याकाळी सहा धावते. धक्का एकच आणि बोटी दोन्ही दिशांच्या, तेव्हा वरच्या अंगाला, नोन्थाबुरीकडे जाणारी कोणती ते विचारूनच चढा. बोट थांबते ती जेमतेम अर्धा मिनिट. मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्ट्या घालून चालवणाऱ्याला अंतर सांगतो: लांब शिट्टी, तुटक शिट्टी, मग दोराचा वेढा खुंटावर पडतो. त्या तुटक शिट्ट्या सुरू झाल्या की उठून मागे यायचं, कारण चढ-उतार मागूनच होते. धक्का तरंगता असतो, पाय ठेवताना तो खाली जातो. लहान मुलाचा हात आधी मोठ्यानं चढून मग धरावा. मागच्या भागातली एक जागा भिक्खूंसाठी राखलेली असते, तिथे उभं राहू नये, आणि बाईनं भिक्खूला चुकूनही स्पर्श होऊ देऊ नये. बोटीत चढल्यावर वाहक येतो तो लांब नळकांड्यासारखा पत्र्याचा डबा खुळखुळवत. नाणी आणि तिकिटांची गुंडाळी दोन्ही त्यातच असतात. वीसची नोट हातात तयार ठेवा.

राजवाड्यासाठी ता चांग धक्का, वात फोसाठी ता तियन. राजवाडा साडेआठला उघडतो आणि तिकीट खिडकी साडेतीनला बंद होते. पावणेआठच्या बोटीनं निघालात तर दार उघडताना तिथे असाल, आणि तोच एक तास ऊन सोसण्यासारखं असतं. कपड्यांबाबत तिथे सवलत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पुरुषांना पूर्ण पँट. फाटक्या जीन्स आणि लेगिंग चालत नाहीत. बिनबाह्यांच्या कपड्यावर शाल घेतलेलीही चालत नाही. साधा सुती कुर्ता आणि सैल सलवार किंवा पँट हा यावरचा उत्तम उपाय मराठी घरात आधीच कपाटात असतो. पायात सहज निघणाऱ्या चपला असाव्यात, दिवसभर काढ-घाल चालू राहते.

याच वाटेवर, दाराच्या थोडं अलीकडे, नीटनेटका माणूस भेटतो आणि सांगतो की आज वाडा बंद आहे, बुद्धाचा विशेष दिवस आहे, दुपारी उघडेल, तोवर वीस-चाळीस बाटमध्ये ही टुकटुक रिक्षा तुम्हाला दुसरी देवळं दाखवेल. बहुतेक वेळा वाडा बंद नसतो. ती टुकटुक रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानी नेते, कारण गिऱ्हाईक आणलं की चालकाला तिथून पेट्रोलचं कूपन किंवा दलाली मिळते. स्वस्त भाड्याची वजावट तिथे होते. उत्तर न देता दारापर्यंत चालत जावं आणि गणवेशातल्या पहारेकऱ्याला विचारावं.

आत गेल्यावर सगळी गर्दी पाचूच्या बुद्धाकडे धावते. मूर्ती जेमतेम ६६ सेंटीमीटर उंच आणि उंच आसनावर बसलेली आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असा वर्षातून तीनदा तिचा पोशाख बदलतो आणि तो राजाच्या हातून बदलतो. आत फोटो काढायचे नाहीत, पाय बुद्धाकडे करायचे नाहीत. पण मराठी माणसानं खरा वेळ द्यावा तो आवाराभोवतीच्या ओवरीला. तिथल्या भिंतींवर १७८ चित्रांत सगळं ‘रामाकिएन’ आहे, म्हणजे रामकीर्ती. उत्तरेच्या बाजूनं सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेनं चालायचं. सुरुवातीला जनक नांगर धरून उभा आहे आणि भूमीतून सीता सापडते आहे. पुढे हनुमान दिसतो तो पांढराशुभ्र, आणि थाई कथेत तो ब्रह्मचारीही नाही. आपल्याला पाठ असलेली गोष्ट दुसऱ्या देशानं किती मायेनं स्वतःची करून घेतली आहे, हे या ओवरीत कळतं. मार्गदर्शक नसला तरी मराठी माणसाचं अडत नाही. मुलांना ओळखायला लावा: हा रावण, हा कुंभकर्ण, ही लंका. तास कसा गेला कळत नाही.

राजवाड्याचे ५००, वात फोचे ३००, वात अरुणचे २००, असे माणशी हजार बाट या एका दिवसात जातात. ते आधीच वेगळे काढून ठेवावेत. वात फोमधला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. गर्दी चेहऱ्याशी थांबते, पण तळव्यांपर्यंत जा, तिथे शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हं आहेत. मालिश करून घ्यायची तर याच आवारात, इथे तिचं जुनं विद्यापीठ आहे. दुपारचं डोक्यावरचं ऊन असं आडवं पडून घालवावं. मग चारच्या सुमाराला ता तियनवरून पाच बाटच्या तरीनं पलीकडे वात अरुण. उतरतं ऊन तिथल्या चिनी मातीच्या तुकड्यांवर पडतं तेव्हा सगळं शिखर फुलांनी मढवल्यासारखं दिसतं. नाव अरुणाचं असलं तरी संध्याकाळी परत अलीकडच्या काठावर या, कारण सूर्य त्याच्या मागे बुडतो.

कालव्यावरची बोट वेगळी. साएन साएप हा कालवा १८३७ ते १८४० या काळात खणला गेला आणि आजही त्यावर नोकरदार माणसं ये-जा करतात. जुन्या शहराच्या बाजूनं प्रातुनामपर्यंत एक बोट, तिथे उतरून पुढची दुसरी. काठावरून चढताना उंच कठडा ओलांडावा लागतो, आणि गुडघेदुखी असलेल्यांनी हा नाद सोडावा. पाणी घाण आहे. कडेला बसलात तर समोरून बोट येताना शेजारची दोरी ओढून ताडपत्री वर करायची, ते काम कडेच्या माणसाचंच असतं. संध्याकाळच्या कोंडीत रस्त्यावर एक तास खाणारं अंतर ही बोट पंधरा-वीस मिनिटांत कापते.

आता खाणं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शाकाहारी माणूस सांगतो, ‘मांस नको’. थाई आचारी मान डोलावतो, मांसाचे तुकडे काढतो आणि ताटली पुढे ठेवतो. तो फसवत नसतो. माशाचं पाणी, नाम प्ला, हे त्याच्या हाताखालचं मीठ आहे. आपण ‘तिखट नको’ म्हटलं तर कोणी मीठ वगळत नाही, तसंच हे. लाल-हिरव्या करीचं वाटण तर जवळ्यासारख्या बारीक कोळंबीच्या ‘कापी’सकट आधीच वाटलेलं असतं, त्यातून ते काढणार कसं? कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सोम तामात, सुकी कोळंबी आणि नाम प्ला दोन्ही. परतलेल्या भाजीत कालवांचं सॉस. गाडीवर कैरीच्या फोडींबरोबर मिळणाऱ्या गोड पाकातही सुकी कोळंबी असू शकते. तिथे तिखट-मीठ-साखरेची पुडी मागावी.

यासाठी एक अक्षरी शब्द पुरतो: ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षर, लांबून इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं. ते दिसलं की निश्चिंत व्हावं. मांस, मासे, अंडं, दूध यांतलं काही नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. चिनी बौद्धांचा हा आहार आहे. जैन मंडळींना तो जवळचा वाटेल, पण मुळा-गाजरासारखी कंदमुळं त्यात चालतात, तेवढं विचारून घ्यावं. ‘किन जे’ म्हणजे मी ‘जे’ आहार घेतो. दुसरा शब्द ‘मंगसविरत’, हा आपला मांसविरतीच. त्यात अंडं-दूध चालतं आणि नाम प्ला डोकावू शकतो, म्हणून पहिला शब्द जास्त भरवशाचा. रस्त्यावरच्या गाडीवर ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी घालू नका, ‘माय साय खाय’ म्हणजे अंडं नको. पुरुषानं वाक्याच्या शेवटी ‘क्राप’ आणि बाईनं ‘खा’ जोडलं की तीच सूचना विनंती होते. ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको. लवंगी मिरची पचवणाऱ्यानंही पहिल्या दिवशी हे म्हणावं.

मॉलमधल्या बऱ्याच फूड कोर्टांत एखादा ‘जे’ गाळा असतो. तिथे आधी काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं आणि उरलेले पैसे त्याच दिवशी परत घ्यायचे, दुसऱ्या दिवशी ते मिळतीलच याचा भरवसा नाही. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा निर्धास्त खावा. चीनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला नऊ दिवस ‘जे’ उत्सव असतो. तेव्हा चायनाटाउनमधला यावरात रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो आणि शाकाहारी माणसाला त्याहून चांगले दिवस नाहीत. नळाचं पाणी पिऊ नये. बर्फाचं मात्र भय नको, मधोमध भोक असलेला नळीचा बर्फ कारखान्यातून येतो.

ऋतू आपल्यासारखेच: मार्च ते मे काहिली, मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे दिवस. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे संक्रांत. रस्तोरस्ती पाणी उडतं, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला नदीत केळीच्या खोडाचे द्रोण आणि दिवे सोडतात, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्याच सुमाराला. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक जागी राष्ट्रगीत लागतं. लुंबिनीचं नाव घेतलेल्या लुम्फिनी उद्यानात सहाला धावणारेही जागच्या जागी थांबतात, आपणही थांबावं. त्या उद्यानात माणसाएवढ्या घोरपडी गवतातून चालत जातात, त्यांना खायला घालू नये. राजघराण्याबद्दल थट्टेनंही बोलू नये, कायदा कडक आहे.

परतीच्या दिवशी कोणाचीही बॅग, डबा, पाकीट स्वतःच्या सामानात घेऊ नका, कितीही गोड बोललं तरी. बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्यांकडे गांजा सापडल्याच्या बातम्या वारंवार येतात आणि त्यात दुसऱ्याचं सामान वाहणारेही अडकतात. विमान रात्री साडेबाराचं असेल तर तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख असते; विमानतळावर मात्र आदल्या संध्याकाळीच पोहोचायचं. ती वेळ नेमकी कोंडीची, त्यातून शुक्रवार असेल तर जास्तच. तेव्हा शेवटचे ४५ बाट माणशी सुटे ठेवा आणि फाया थाईहून गाडी धरा.